गिफ्ट, यिफ्त, खिफ

मेथॅनॉलच्या बाटलीवर लाल कडेच्या चौकोनात एक कवटी असते आणि तिच्या शेजारी एक ठरलेलं वाक्य: ‘गिळल्यास विषारी’. हे वाक्य कुणी आपल्या मनाने लिहायचं नसतं. रसायनांच्या लेबलांबद्दल युरोपीय संघाचा २००८ सालचा एक जाडजूड नियम आहे. त्यात प्रत्येक धोक्याचं वाक्य प्रत्येक भाषेत आधीच लिहून ठेवलंय. नॉर्वे संघात नाही, पण तोही हाच नियम पाळतो. भाषांतर करणाऱ्याने अक्कल चालवायची नाही, आणि माझ्यासारखीने, म्हणजे लेबल तपासणारीने, तर मुळीच नाही. योग्य भाषेसमोर योग्य वाक्य आहे ना, एवढंच पाहायचं आणि सही करायची.

पण रोज तेच तेच पाहिलं की डोळे नको तिथे रेंगाळतात. जर्मन, डच, डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश या पाचही ओळी एकाच शब्दाने सुरू होतात. लिहायला अक्षर न् अक्षर तोच, फक्त स्वीडिशला शेपटीला एक ‘त’ जास्त. म्हणायला मात्र पाच तोंडं. जर्मन माणूस ‘गिफ्टिश’ म्हणतो. डच माणूस घसा खरवडून ‘खिफ्तख’ म्हणतो. डॅनिश माणूस ‘गिफ्टी’ म्हणेपर्यंत निम्मा शब्द गिळतो. नॉर्वेत ‘यिफ्ती’, आमच्याकडे स्वीडनमध्ये ‘यिफ्तित’. फिनिश ओळ तेवढी ‘म्यूर्क्युल्लिस्ता’ म्हणत वेगळी उभी असते, तिचं कुळच निराळं. आणि इंग्रजी? तिथे ‘टॉक्सिक’. इंग्रजांना हा शब्द इथे वापरताच येत नाही, कारण त्यांच्याकडे तो चमकत्या कागदात गुंडाळून, वर रिबीन बांधून दिला जातो.

मी मूळची मिरजेची. मिरज म्हणजे दवाखाने आणि सतारी. माझ्या सुराची कल्पना घरात सगळ्यांना असल्यामुळे मी दवाखान्यांच्या बाजूने गेले, बी. फार्म. केलं. पुढे जर्मनीत माइन्त्सला शिकले, आणि आता स्वीडनच्या दक्षिण टोकाला माल्मोत राहते. खिडकीतून डेन्मार्क दिसतं असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण समुद्रकाठी गेलं की एरेसुंदचा पूल दिसतो आणि पलीकडे कोपनहेगन. भाषा शिकायला ही जागा फार वाईट आहे. एक पक्की होतेय म्हणेपर्यंत शेजारीण येऊन तिचे उच्चार बिघडवून जाते.

जर्मनीत या शब्दाशी माझी ओळख सरळ होती. ‘गिफ्ट’ म्हणजे विष. औषधशास्त्राच्या वर्गात तर हा शब्द उठता बसता लागायचा. जहाल औषधं कुलूपबंद ठेवायचं कपाट म्हणजे ‘गिफ्टश्रांक’. ग्रंथालयात बंदी घातलेली पुस्तकं जिथे ठेवायचे त्या कपाटालाही जर्मन हेच म्हणतात, मला ते फार आवडलं होतं. खुनशी स्वभावाचा माणूस म्हणजे ‘गिफ्टत्स्वेर्ग’, विषारी बुटका. आणि ‘यावर तू खुशाल विष घे’ असं कुणी म्हणालं तर घाबरायचं नाही. त्याचा अर्थ ‘हे शंभर टक्के खरं आहे, पैज लाव’ असा होतो. आपण ‘विषाची परीक्षा नको’ म्हणतो, ते एकदम परीक्षेला बसवतात.

एक शब्द तेवढा खटकायचा. हुंड्याला जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणतात. ‘मिट’ म्हणजे ‘सोबत’. सोबतचं विष? वर्गातल्या भारतीय मुली यावर टाळ्या देऊन हसायच्या, आपल्याकडच्या हुंड्याच्या बातम्या वाचलेल्या कुणालाही हा शब्द अगदी चपखल वाटणारच. पण व्याकरण वेगळंच सांगत होतं. विष या अर्थी ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी, ‘दास गिफ्ट’. ‘मिटगिफ्ट’ मात्र स्त्रीलिंगी, ‘डी मिटगिफ्ट’. जर्मनमध्ये जोडशब्दाचं लिंग त्याच्या शेवटच्या तुकड्यावरून ठरतं. म्हणजे हा शेवटचा तुकडा विषवाला ‘गिफ्ट’ नव्हेच. जुन्या जर्मनमध्ये ‘डी गिफ्ट’ असा एक स्त्रीलिंगी शब्द होता, त्याचा अर्थ ‘देणं’. देण्याची क्रिया, दिलेली वस्तू. तो एकटा असताना मेला, जोडशब्दात मात्र टिकला. मुलीसोबत दिलेलं ते ‘मिटगिफ्ट’.

देणं. इथे मराठी माणसाचे कान टवकारायला हवेत, कारण पुढचं सगळं आपल्याला आयतं कळणार आहे, इंग्रजांना समजावून सांगावं लागतं.

स्वीडनमध्ये आलो तेव्हा पहिल्यांदा करखात्यात जावं लागलं. इथे जन्म, मृत्यू, लग्न, पत्ता या सगळ्याची नोंद करखातंच ठेवतं, म्हणजे तुम्ही आहात की नाहीत हे सांगणारा आणि तुमच्याकडून पैसे घेणारा एकच. त्यांनी दिलेल्या दाखल्यावर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात माझ्या आणि नवऱ्याच्या नावापुढे छापलेलं होतं ‘यिफ्त’. स्पेलिंग तेच, जर्मन विषाचं. स्वीडिशमध्ये ‘यिफ्त’ म्हणजे विवाहित, ‘ऊयिफ्त’ म्हणजे अविवाहित, आणि ‘यिफ्त’ म्हणजे विषसुद्धा. उच्चारातही फरक नाही. आता यावरचा विनोद तुम्हाला सुचला असेलच. तो स्वीडनमधल्या प्रत्येक परदेशी माणसाला सुचतो, आणि प्रत्येक स्वीडिश माणूस तो पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून हसतो. नवऱ्याने तो माझ्या ऑफिसातल्या जेवणाच्या वेळी केला. मी पाणी प्यायले.

माझी तक्रार विनोद शिळा आहे ही नाही. तक्रार ही की त्यापलीकडे कुणी जात नाही. लग्न आणि विष एकाच शब्दात का, याचं खरं उत्तर नवरा-बायकोच्या भांडणात नाही. ते बापाच्या हातात आहे.

स्वीडिश ‘यिफ्त’ (विवाहित) हे ‘यिफ्ता’ या क्रियापदाचं रूप आहे, आणि ‘यिफ्ता’ म्हणजे मूळ अर्थाने देऊन टाकणं. मुलगी देणं. ‘यिफ्त’ झालेली म्हणजे ‘दिलेली’. आपण अजून म्हणतोच ना, ‘धाकटी कुठे दिली?’, ‘तासगावला दिलीय.’ माझी आजी नातेवाइकांचा सगळा नकाशा असाच सांगायची, कोण कुठे दिलीय यावरून. मुलगा कुणी ‘देत’ नाही. स्वीडिशमध्ये आता पुरुषही ‘यिफ्त’ असतो, माझा नवराही कागदोपत्री दिला गेलाय, पण शब्द बनला तेव्हा दिली जायची ती मुलगीच.

हे नुसतं शब्दांचं खेळणं नव्हतं, कायदाच होता. स्वीडनचा १७३४ चा मोठा कायदेसंग्रह विवाहाच्या प्रकरणाने सुरू होतो, त्याचं नाव ‘यिफ्तरमोल्स-बाल्क’. त्यात ‘यिफ्तूमान’ नावाचा एक माणूस आहे. शब्दशः ‘देणारा पुरुष’. मुलीचं लग्न लावून देण्याचा हक्क ज्याच्याकडे तो; आधी बाप, बाप नसेल तर पुढचा क्रम ठरलेला. त्याच्या संमतीशिवाय मुलीचं लग्न नाही. आपल्याकडे कन्यादानाला कोण बसणार यावरून जी कुजबुज होते, तिला तिथे कलम होतं. पुढे तो माणूस कायद्यातून गेला, विवाहाचा कायदा नवा आला, आणि आत्ताचा १९८८ पासून लागू आहे. पण त्याच्यातही एक जुनं हाड शिल्लक आहे. नवरा-बायकोच्या ज्या मालमत्तेची घटस्फोटात निम्मी निम्मी वाटणी होते तिला ‘यिफ्तूरेत्सगूद्स’ म्हणतात. एका ओळखीच्या मराठी मुलीने हा शब्द मोबाइलवर जर्मनच्या जोरावर वाचून मला घाबरून फोन केला होता, ‘ताई, वकिलाच्या पत्रात विषाच्या हक्काचा माल असं काहीतरी आहे.’ मी म्हटलं, विषाचा नाही गं, लग्नाने मिळालेल्या हक्काचा. तुझा अर्धा आहे, सोडू नकोस.

आता इंग्लंडात जाऊ, पण आजच्या नव्हे. सातव्या शतकाच्या शेवटी वेसेक्समध्ये इनी नावाचा राजा होता (६८८ ते ७२६). त्याचे कायदे जुन्या इंग्रजीत आहेत. त्यातल्या एका कलमाचा मथितार्थ असा: कुणी बायको विकत घेण्याचा व्यवहार केला आणि ‘यिफ्त’ पार पडलं नाही, तर पैसे परत करावेत आणि वर भरपाई द्यावी. ‘यिफ्त’ म्हणजे इथे लग्न. त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द एकवचनी असला की बहुधा त्याचा अर्थ बायकोसाठी दिलेलं मोल असा असे, आणि अनेकवचनी असला की लग्नसोहळा.

या पहिल्या अर्थाला इंग्रजी कोश ‘ब्राइड प्राइस’ असं काहीतरी ओढूनताणून लिहितात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: देज. वराकडून वधूच्या बापाला जायचं ते देज, वधूच्या बापाकडून वराला जायचा तो हुंडा. आणि गंमत पाहा, देज हाही शब्द देण्यातूनच आलाय. म्हणजे जुना इंग्रजी ‘यिफ्त’ म्हणजे देज, जर्मन ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा. शब्द तोच, पैशांची दिशा उलटी. आमच्या भागात आजीच्या पिढीला काही घरांत देज दिल्याचं माहीत होतं, आणि ‘पोरीचे पैसे घेतले’ असं त्याबद्दल आवाज खाली करून बोललं जायचं. हुंडा घेतल्याबद्दल मात्र कुणी आवाज खाली केलेला मी लहानपणी ऐकला नाही, १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा असूनही.

लग्नाचं झालं. आता विषाकडे, आणि इथे मी माझ्या धंद्याच्या जमिनीवर आहे.

‘देणं’ या साध्यासुध्या शब्दाचं विष कसं झालं? जर्मन कोशकार सांगतात की यात ग्रीक वैद्यांचा हात आहे. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ म्हणजे देणं, आणि वैद्याने रोग्याला एका वेळी द्यायची मात्राही ‘दोसिस’. तो शब्द लॅटिनमध्ये गेला. जुन्या जर्मनांनी त्याला आपला सरळ प्रतिशब्द वापरला: गिफ्ट, देणं. मग मात्रा ती, दिलेलं औषध ते, आणि कुणाला गुपचूप दिलेलंही तेच. विषाचं नाव तोंडाने घ्यायला लोक कचरतात, हे जगभर आहे. आमच्याकडे गावात एखादा धडधाकट माणूस अचानक खंगला की म्हातारी माणसं ‘विष’ म्हणत नाहीत. म्हणतात, ‘त्याला कुणीतरी काहीतरी दिलंय.’ खाण्यातून दिलंय. झालं, हाच तो जर्मन शब्द. फक्त जर्मनांनी ‘काहीतरी’ गाळलं.

एकट्या जर्मनांनाच नको नाव ठेवायला. फ्रेंचमधला आणि त्यावरून इंग्रजीत गेलेला ‘पॉयझन’ हा लॅटिन ‘पोतिओ’पासून आला, त्याचा अर्थ नुसता ‘पेय’. लॅटिनमधला ‘वेनेनुम’, ज्याचं इंग्रजीत ‘व्हेनम’ झालं, तो व्हीनस देवीच्या नावाशी नातं सांगतो. मूळचा अर्थ वशीकरणाचा, प्रेम जडवणारा काढा. म्हणजे एकाने विषाला पेय म्हटलं, एकाने प्रेमाचा काढा, एकाने देणं. ग्रीकांचा ‘फार्माकोन’ तर औषध आणि विष दोन्ही, आणि आमच्या धंद्याचं नाव त्याच्यावरूनच पडलंय. या सगळ्यांत संस्कृतने तेवढं सरळ ‘विष’ म्हटलं. त्याचा लॅटिन भाऊ ‘व्हायरस’. तोही आधी विषच होता, जंतू बऱ्याच उशिरा झाला.

विष ‘देणं’ ठरलं की उतारा म्हणजे काय? विरुद्ध देणं. ग्रीक ‘अँटिडोट’चा शब्दशः अर्थ अगदी हाच, ‘विरोधात दिलेलं’. जर्मनमध्ये ‘गेगनगिफ्ट’, स्वीडिशमध्ये ‘मूतयिफ्त’, दोन्हींत पुन्हा तेच ‘विरुद्ध’ आणि तेच ‘देणं’.

ग्रीक ‘दोसिस’ आणि आपलं ‘दान’ हे एकाच मुळाचे, संस्कृत ‘दा’ धातू आणि ग्रीक ‘दिदोमि’ सख्खी भावंडं. तेव्हा इंग्रजीमार्गे मराठीत आलेला ‘डोस’ हा दानाचा चुलत भाऊ लागतो. पोलिओचा डोस काय, उपदेशाचे डोस काय, सगळं दानधर्मच. माझ्या मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे मी आयुष्यभर दानच केलं की.’

आणि आता माझा सगळ्यात लाडका दाखला. पॅरासेल्सस हा सोळाव्या शतकातला स्विस वैद्य, स्वभावाने भांडकुदळ, सगळ्या विद्यापीठांशी त्याचं वाजलेलं. त्याच्यावर आरोप झाला की हा रोग्यांना विष देतो. १५३८ मध्ये त्याने उत्तर लिहिलं, आणि लॅटिनऐवजी जर्मनमध्ये लिहिलं. त्यातलं एक वाक्य औषधशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच पाठ होतं: सगळ्याच गोष्टी विष आहेत, विषाशिवाय काहीच नाही, एखादी गोष्ट विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. मिरजेत आम्ही ते इंग्रजीतून पाठ केलं होतं, तिथे त्यात काही दिसत नाही. मूळ जर्मन वाक्यात विषासाठी शब्द आहे ‘गिफ्ट’ आणि मात्रेसाठी ‘दोसिस’. दोन्हींचा मूळ अर्थ देणं. देशी देणं मारतं आणि ग्रीक देणं वाचवतं. वाक्याचा कस दोन ‘देण्यां’च्या मध्ये आहे. हे पॅरासेल्ससच्या मनात होतं असा माझा दावा नाही, पण वाक्यात ते आहे, आणि माइन्त्सच्या वर्गात ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी पुढचा अर्धा तास काही ऐकलं नव्हतं.

विषाचा हा अर्थ स्वीडन-डेन्मार्कचा स्वतःचा नाही. तो उत्तर जर्मनीच्या बोलीतून, म्हणजे लो जर्मनमधून इकडे आला. कसा, ते समजायला माल्मोहून फार लांब जायला नको. इथून दक्षिणेला स्कानर आणि फाल्स्टरबो ही दोन चिमुकली गावं आहेत. आता तिथे लोक उन्हाळ्यात पोहायला आणि शरदात पक्षी बघायला जातात. मध्ययुगात तिथे हेरिंग माशाचा प्रचंड बाजार भरायचा. मासा इथला, मीठ उत्तर जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गचं, आणि ते मीठ घेऊन येणारे व्यापारी तिथल्याच ल्यूबेकचे. मासा खारवायचा, पिंपात भरायचा, उपासाच्या दिवसांसाठी अर्ध्या युरोपला विकायचा. त्या व्यापाऱ्यांबरोबर त्यांची लो जर्मन बोली आली आणि स्वीडिश-डॅनिशमध्ये ठाण मांडून बसली. स्वीडिशमध्ये खिडकी, शिंपी, भाषा, पैसे चुकते करणं या सगळ्यांचे शब्द तिचेच. विषाचाही तिचाच. हा प्रदेश तेव्हा डेन्मार्कचा होता, १६५८ पर्यंत होता, त्यामुळे ‘स्वीडनमध्ये आला’ असं इथल्या जुन्या डॅनिश अभिमान्यांसमोर म्हणू नये.

म्हणून ‘यिफ्त’ आणि ‘यिफ्त’ यांची गाठ इथे पडली. एक घरचा, मुलगी देणारा. एक मिठाच्या गलबतातून आलेला, विष देणारा. आजोबा एकच होते, पण नातवांना ते माहीत नव्हतं.

याचा पुरावा हवा असेल तर आइसलंडला जावं. तिथे ल्यूबेकची बोली एवढी घुसली नाही. आइसलंडिकमध्ये विवाहित पुरुष ‘गिफ्टुर’, स्त्री ‘गिफ्ट’. पण विष म्हणजे ‘एइतुर’, निराळाच जुना शब्द. त्या ‘एइतुर’चा जर्मन भाऊ ‘आइटर’, म्हणजे पू. शिवाय आइसलंडिकमध्ये ‘गिफ्टा’ असं एक नाम आहे, त्याचा अर्थ नशीब, भाग्य. वरून दिलेलं. आपण गळ्याला ‘देवाची देणगी’ म्हणतो, त्यातलं देणं. बिचाऱ्या आइसलंडच्या नवऱ्यांना विषाचा विनोदच करता येत नाही, फार तर भाग्याचा करतील.

डच लोक हिशेबी, त्यांनी दोन कप्पे केले. ‘खिफ्त’ म्हणजे देणगी. करविवरणात संस्थांना दिलेल्या देणग्या याच नावाखाली दाखवतात आणि सवलत मागतात. विषाचा ‘त’ त्यांनी कापून टाकला, ‘खिफ’. पण ‘विषारी’ म्हणताना तो ‘त’ पुन्हा उगवतो. म्हणून माझ्या लेबलावर डच ओळ बाकीच्यांच्या रांगेत उभी राहते, आणि खाली डॉक्टरला बोलवा म्हणणाऱ्या वाक्यात मात्र मोठ्या अक्षरांत ‘अँटिखिफसेंट्रम’. स्वीडिशमध्ये तिथे विषमाहिती केंद्राचं नाव असतं. ते स्टॉकहोममध्ये १९६० पासून चालू आहे. इथे राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: पोराने काही गिळलं आणि लक्षण गंभीर असेल तर ११२ लावून ‘यिफ्त-इन्फॉर्माहून’ एवढं म्हणायचं. तिथे लग्नाबद्दल कुणी विचारणार नाही.

पैशाचा एक वेगळाच संसार आहे. स्वीडिशमध्ये ‘आव्‌यिफ्त’ म्हणजे शुल्क, ‘ऊतयिफ्त’ म्हणजे खर्च, ‘उप्पयिफ्त’ म्हणजे सोपवलेलं काम किंवा दिलेली माहिती. मुलाच्या वहीवर हाच शब्द असतो, गृहपाठाच्या गणिताच्या डोक्यावर. सगळी देणीच. बँकेचं पत्र आलं की पहिल्या वर्षी मला वाटायचं, या देशात सगळीकडे विष सांडलंय. डॅनिशमध्ये ‘आउगिफ्ट’ म्हणजे सरकारी कर, आणि तिथे हा शब्द मोटारीबरोबर उच्चारला की माणसं खरंच विष प्याल्यासारखं तोंड करतात. नोंदणीचा हा कर वरच्या टप्प्यात १५० टक्के आहे. उलट ‘आव्‌यिफ्तनिंग’ म्हणजे शुल्कमाफी नव्हे, व्यसनमुक्ती, शरीरातलं विष काढणं. स्वीडन सरकारची पर्यावरणाची जी १६ उद्दिष्टं आहेत त्यातल्या एकाचं नाव ‘विषमुक्त पर्यावरण’, ‘यिफ्तफ्री’. ज्यांची जर्मन कच्ची आणि इंग्रजी पक्की, त्यांना वाटतं इथे भेटवस्तूंवर बंदी आहे.

आता राहिली इंग्रजी. तिच्या ‘गिफ्ट’मधला ‘ग’ तिचा नाही. जुन्या इंग्रजीत ‘यिफ्त’ होतं, पुढेही बराच काळ ‘यिफ्ट’ होतं. मग इंग्लंडात येऊन राहिलेल्या डेन्मार्क-नॉर्वेकडच्या लोकांचा कडक ‘ग’ जिंकला. ‘गिव्ह’चंही तसंच झालं. त्यांचा अर्थही थोडा साधा होता, नुसतं दिलेलं, आणि तोच राहिला. देज बाजूला पडलं. पुढे स्वीडन-नॉर्वेच्या लोकांनी स्वतःच आपला ‘ग’ मऊ करून ‘य’ केला. म्हणजे इंग्रज आज व्हायकिंगांसारखे ‘गिफ्ट’ म्हणतात आणि व्हायकिंगांचे वंशज जुन्या इंग्रजांसारखे ‘यिफ्त’. असा व्यवहार कुणी ठरवून केला असता तर वेडा ठरला असता.

तो ‘गिफ्ट’ मिरजेत पोचला तेव्हा अगदी निरुपद्रवी झाला होता. लक्ष्मी मार्केटच्या आसपास गिफ्ट शॉपं आहेत, त्यात घड्याळं, काचेचे ताजमहाल आणि बासरीवाला कृष्ण. लग्नात आहेर म्हणायचे तिथे आता गिफ्ट म्हणतात, पत्रिकेवर ‘आहेर आणू नयेत’ असं छापलं तरी पाकीट न्यावंच लागतं. ज्या शब्दाचा जुना अर्थ देज होता, तो हजारएक वर्षं फिरून पुन्हा मांडवातच येऊन बसला.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होते. ती एकीकडे भाजी निवडत होती.

‘मग त्या स्वीडनच्या पोरींना काहीच मिळायचं नाही होय गं? बाप देणार, पैसे बापच घेणार.’

मी तिला ‘मॉर्‌गॉनगोवा’बद्दल सांगितलं. सकाळची भेट. लग्नाच्या पहिल्या रात्रीनंतर सकाळी नवऱ्याने बायकोला द्यायची. जुन्या काळी यात जमीनही असे, आणि ती तिच्या वैधव्याची सोय असे. अजूनही इथे काही नवरे बायकोला सकाळी दागिना देतात, आणि म्हणतात हेच. यात ‘यिफ्त’ नाही, ‘गोवा’ आहे, म्हणजे त्याच ‘देण्या’चं दुसरं रूप.

‘म्हणजे स्त्रीधन,’ आई म्हणाली. ‘एवढं लांबण लावलंस. तुला काय दिलं होतं का जावईबापूंनी सकाळी?’

‘चहा.’

‘बरं मग. पंधरा तारखेला शिल्पाच्या मुलीचं आहे, तुमच्या दोघांच्या नावाने पाकीट घालू का किती घालू ते सांग.’